रिकाम्या भिंतीचा भाव

रत्ना घरं विकते आणि मी त्या घरांचे फोटो काढते. बरीच वर्षं झाली, आम्ही दोघी अटलांटाजवळच्या अल्फारेटात आणि आसपासच्या गावांत लोकांची स्वयंपाकघरं, कपाटं आणि बाथरूम पालथी घालतोय. घर विकायला काढलं की माणसं काय काय लपवतात, यावर मी सहज एखादं व्याख्यान देऊ शकेन. रत्नावर मात्र देता येणार नाही. ती स्वतःबद्दल बोलत नाही, आणि बोललीच तर गाडी चालवताना, समोर बघत, एखादं वाक्य बोलते आणि इंडिकेटर देऊन विषय वळवते.

तिच्या गाडीच्या डिकीत कायम काही वस्तू असतात. बुटांवर चढवायच्या कागदी पिशव्या, खिडक्या पुसायचं फडकं, मालकाच्या सुकलेल्या कुंड्यांना घालायला पाण्याचा कॅन आणि साध्या चपला. पन्नाशी उलटलीय, दिवसभर टाचांच्या बुटांत उभं राहून पाय सुजतात. काम संपलं की ती सीट मागे करते, डोळे मिटते आणि म्हणते, "अहिल्या, आता बोलू नकोस." मी बोलते. तो माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

तिला थकवतं ते उभं राहणं नव्हे, फोन. फोन बहुतेक वेळा आपल्या मराठी माणसाचा असतो. तो आधी शाळेचं रेटिंग विचारतो, मग ऑफिसला जायला किती वेळ लागेल ते विचारतो, आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणतो, "बाकी वस्ती कशी आहे?"

आता इथे कायदा आहे. शेजारी कोण राहतं, गोरे की काळे, कुठल्या धर्माचे, हे घर दाखवणाऱ्या एजंटनं सांगायचं नाही. सांगितलं तर लायसन्स जाऊ शकतं. हा कायदा कुणाला हौस आली म्हणून झाला नाही. एके काळी काळ्यांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघा ओढल्या जात आणि रेघेच्या आत बँका कर्ज देत नसत. काळं गिऱ्हाईक आलं तर एजंट त्याला ठरलेल्या गल्ल्यांपलीकडे नेतच नसत. कायदा होऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली. रेघा नकाशावरून पुसल्या, पण कुठल्या गल्लीत कोण राहतं ते पुष्कळ ठिकाणी तसंच राहिलं. म्हणून रत्ना प्रत्येकाला एकच उत्तर देते, "तुम्ही स्वतः या आणि संध्याकाळी एक चक्कर मारा." मग पलीकडचा माणूस हसून म्हणतो, अहो ताई, आपल्याआपल्यात काय, आतली गोष्ट सांगा की.

रत्ना नागपूरची, इंदोऱ्याची. नागपूरच्या माणसाला इंदोरा म्हटलं की आडनाव विचारावं लागत नाही, आणि आडनाव सांगितलं की वस्ती विचारावी लागत नाही. आडनाव गजभिये. तिच्या पाटीवर नुसतं 'रत्ना' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. लोकांना ती स्टाइल वाटते. मी पुण्याची आहे, त्यामुळे ही चौकशी कशी गोड आवाजात केली जाते ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या घरात ती चहाबरोबर व्हायची.

मिस लुवेनिया पिटमन यांचं घर आमच्याकडे वसंताच्या सुरुवातीला आलं. सत्तरी कधीच ओलांडलेल्या, रिटायर्ड नर्स; इकडे वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं मिस म्हणतात. विटांचं एकमजली घर, मागे पेकनची दोन जुनी झाडं, आणि झाडांखाली लोखंडी बाक. त्यांनी आणि त्यांचे दिवंगत पती ओथा यांनी हे घर ऐंशीच्या दशकात घेतलं तेव्हा त्या गल्लीत दुसरं काळं कुटुंब नव्हतं. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या निम्म्या घरांपुढे 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. ओथा पोस्टमन होते. ज्यांच्या पेट्यांत ते रोज पत्रं टाकायचे, त्यांतल्या काहींनी त्यांना हात करणंही सोडलं. "आम्ही काहीच केलं नव्हतं," मिस लुवेनियांनी मला सांगितलं होतं, "फक्त सोफा आत नेला होता."

त्यांना घर विकायचं होतं ते दोन तासांवरच्या मेकनला जाण्यासाठी. तिथे त्यांची मोठी बहीण, ओपल, एकटी राहायची. ओपल विसरायला लागली होती. गॅस चालू ठेवून बागेत जायची, शेजाऱ्याला दिवंगत भावाच्या नावानं हाक मारायची. तिच्या घराला लागूनच एक छोटं घर विकायला होतं आणि त्याचा मालक मिस लुवेनियांसाठी थोडं थांबायला तयार झाला होता. हे घर ठरलेल्या भावाला गेलं तर ते घर घेता येणार होतं, एरवी नाही. "ओपल मला अजून ओळखते," त्या म्हणाल्या. "ओळखतेय तोवर मला तिच्या शेजारी जायचंय."

मी फोटो काढायला गेले तेव्हा भिंतींवरचे त्यांचे सगळे फोटो आम्ही उतरवले होते. ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो, गोऱ्यांनाही. घर बघणाऱ्याला तिथे स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही, हा धंद्याचा नियम आहे. फ्रेमच्या जागी राहिलेले फिकट चौकोन मी नंतर कॉम्प्युटरवर पुसते. मिस लुवेनियांनी हसत हसत सगळं उतरवू दिलं आणि आम्ही गेल्याबरोबर एकूण एक फोटो परत लावला. रिकाम्या भिंतींत त्यांना जेवण जात नव्हतं.

घर पसंत केलं प्रसन्न आणि सुलेखा यांनी. दोघं मूळचे पुण्याचे, रेडमंडला काही वर्षं काढून पावसाला कंटाळून इकडे आलेले. त्यांचा वेगळा एजंट होता, पण प्रसन्न रोज रत्नालाच फोन करायचा, कारण रत्ना मराठी. वस्तीचा प्रश्न त्यानंही विचारला आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "म्हणजे काळे वगैरे किती आहेत?" रत्नानं त्याला संध्याकाळी चक्कर मारायला सांगितलं. त्यानं मारली. गल्लीत आता तीनचतुर्थांश आपलेच लोक आहेत हे बघून त्याचं समाधान झालं आणि भाव ठरला.

मग त्याच्या बँकेचा माणूस घराची किंमत करायला आला. इथे कर्ज देण्याआधी बँक आपला माणूस पाठवते. घर ठरलेल्या भावाचं आहे असं त्यानं लिहून दिलं तर सौदा पुढे जातो, नाहीतर अडकतो. मिस लुवेनिया घरीच होत्या. त्यांनी त्याला गार चहा दिला, भिंतीवरचा एकेक फोटो दाखवला. फायरप्लेसवर त्यांच्या आईवडलांच्या लग्नाची मोठी तसबीर होती. बाजूला वर्दीतले ओथा, आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या लुवेनिया आणि ओपल, फक्त काळ्या मुलींना घेणाऱ्या नर्सिंग स्कूलच्या दारात. तो माणूस सभ्य होता, सगळं ऐकून घेतलं म्हणे. त्याचा रिपोर्ट आला आणि किंमत ठरलेल्या भावाच्या खूप खाली होती. मागच्या गल्लीतलं अगदी याच नकाशाचं घर, ज्याचं छत गळत होतं आणि ज्याचे फोटो मीच काढले होते, हिवाळ्यात याहून कितीतरी जास्तीला गेलं होतं.

रत्नानं रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसली. तेवढ्यात प्रसन्नचा फोन आला. "रत्नाताई, हे तर मस्तच झालं यार. आता त्यांना प्राइस रिड्यूस करायला सांगा." मी त्यांची एजंट आहे, असं रत्ना म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "हो, ते ठीक आहे, पण आपण आपले ना?" हे वाक्य ऐकलं की मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. रत्नानं शांतपणे सांगितलं की भाव खाली येणार नाही, घर पुन्हा बाजारात जाईल. संध्याकाळी सुलेखाचा फोन आला. शाळा चांगली होती, मागची झाडं तिला आवडली होती. ते दुसऱ्या बँकेकडे अर्ज करणार होते. म्हणजे आणखी एक माणूस किंमत करायला येणार होता, आणि ही शेवटची संधी होती. मेकनचा मालक आता थांबायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस लुवेनियांच्या घरापुढे गाडीत बसून होतो आणि रत्ना उतरत नव्हती. या वेळी काय करायला हवं ते तिला माहीत होतं. या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. काळ्या मालकानं आपले फोटो काढून ठेवायचे, घरातून निघून जायचं, दार दुसऱ्या कुणीतरी उघडायचं. "मला ते वाक्य बोलता येत नाहीये गं," ती म्हणाली.

का, ते मला माहीत होतं. लग्नानंतर रत्ना आणि विक्रम पुण्यात भाड्यानं राहत. विक्रमची पहिली नोकरी होती. हॉलमध्ये बुद्धाची लहान मूर्ती आणि वर बाबासाहेबांचा मोठा फोटो, निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. तो तिच्या वडलांनी लग्नात दिलेला. मालकीणबाई भाडं न्यायला यायच्या त्या दिवशी रत्ना तो फोटो उतरवून कपाटात, साड्यांच्या मागे ठेवायची. बाई गेल्या की परत लावायची. दोन वर्षं असं चाललं. मग एकदा बाई नळवाल्याला घेऊन न सांगता आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, उलट चहाही प्यायल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा पुतण्या राहायला येणार म्हणून घर रिकामं करा असा निरोप आला. तो पुतण्या आजतागायत यायचाच आहे. त्या दिवशी रत्नानं कानाला खडा लावला की हा फोटो यापुढे कुणासाठी उतरवणार नाही.

आणि आता तिला एका म्हाताऱ्या बाईला सांगायचं होतं की तुमच्या आईवडलांना भिंतीवरून उतरवा.

ती आत गेली आणि जमेल तेवढं आडवळण घेऊन बोलली. मिस लुवेनियांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "बेबी, तू हे बोलायला धजतेस की नाही तेच मी बघत होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या चुलतबहिणीनं अटलांटात हेच केलं होतं. त्यांनी स्टूल घेतलं आणि ओथांचा फोटो स्वतः उतरवला. मग दुसरा. आम्ही मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, माझी माणसं आहेत, मी उतरवते. फायरप्लेसवरची तसबीर तेवढी त्यांना उचलेना, ती मी उतरवली. मागे मोठा फिकट चौकोन राहिला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "त्या माणसाला कळेल," त्या म्हणाल्या. "इतके चौकोन बघितले की कुणालाही कळेल इथून काहीतरी लपवलंय. दुसरं काहीतरी लावायला पाहिजे. तुझे फोटो आण."

"माझे?" रत्नानं विचारलं.

"तुझ्यासारख्यांची घरं इथे चांगल्या भावाला जातात. मी बघतेय ना गल्लीत. गोऱ्या बाईचे लावण्यापेक्षा मला तुझे चालतील."

यात खोटं काही नव्हतं.  पुण्यात जिला घर सोडावं लागलं होतं, तिच्या चेहऱ्यानं इथे घराचा भाव वाढत होता. रत्नानं घरून फोटो आणले. लग्नातला, मुलगी इशिताचा ॲन आर्बरला पदवी घेतानाचा, विक्रमच्या आईबरोबरचा. लहान चौकोन झाकले गेले. फायरप्लेसवरचा मोठा मात्र कशानं झाकेना. मी माझ्या स्टुडिओतली निसर्गदृश्यं लावून बघितली, सगळी तोकडी. रत्ना पुन्हा घरी गेली आणि बेडरूममधून बाबासाहेबांचा फोटो घेऊन आली. त्या मापाचा तेवढा एकच होता.

तो माणूस आला त्या सकाळी मिस लुवेनियांना मी माझ्या गाडीतून घेऊन गेले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, शेवटी वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. आत चला म्हटलं तर त्या नको म्हणाल्या. त्यांचे सगळे फोटो उशांच्या अभ्र्यांत गुंडाळून माझ्या डिकीत ठेवले होते. फोटो मागे सोडून त्यांना जायचं नव्हतं. त्यांनी रविवारी चर्चला जातानाची हॅट घातली होती. स्वतःच्या घरातून लपून बाहेर पडायचं तर नीट कपडे करून पडावं, असं त्यांना वाटलं असावं.

"ओथाला लहानपणी बसमध्ये मागे बसावं लागायचं," त्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या. "आयुष्यभर त्याला मागच्या सीटची चीड होती. कुणाच्याही गाडीत पुढेच बसायचा. आणि आज मी त्याला डिकीत घातलंय."

मला काहीतरी बोलायला हवं होतं.  मी उतरले, डिकी उघडली, ओथांचा फोटो काढला आणि त्यांच्या मांडीवर आणून दिला. त्यांनी अभ्रा काढला नाही, नुसता हात ठेवून बसल्या. त्यांच्या वडलांची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. युद्धावरून परत आल्यावर सैनिकांना घरासाठी सरकारच्या हमीवर कर्ज मिळायचं. त्यांच्याबरोबर त्याच बोटीनं परतलेल्या गोऱ्या सोबत्याला मिळालं, वडलांना मात्र बँकेनं दारातही उभं केलं नाही. ते जन्मभर भाड्याच्या घरात राहिले आणि तिथेच गेले. म्हणून हे विटांचं घर घेतल्यावर लुवेनियांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वडलांची तसबीर लावायला मोठा खिळा ठोकला. "आज पहिल्यांदा ते त्या घरात नाहीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तिकडे काय झालं ते रत्नानं नंतर सांगितलं. किंमत करायला आलेला मुलगा तरुण होता. बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या, खोल्या मोजल्या, स्वयंपाकघराची तारीफ केली. फायरप्लेसपाशी थांबून फोटोकडे बघत त्यानं विचारलं, हे डॉक्टर आहेत का? रत्ना हो म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. मग तो म्हणाला, खूप चांगलं सांभाळलेलं घर आहे, जाणवतं लगेच. घर कुणाचं ते त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. तो गेल्यावर ती त्या फोटोसमोर सोफ्यावर बसून राहिली. मी मिस लुवेनियांना घेऊन परत आले तेव्हा ती रडत होती. मला म्हणाली, "बाबासाहेबांना मी आज कशाला उभं केलं बघ. एका बाईच्या बापाला झाकायला."

किंमत आली ती ठरलेल्या भावाच्याही थोडी वर. तेच घर, तीच विटांची भिंत, तीच झाडं. मिस लुवेनियांनी रत्नाच्या हातातून कागद घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला. "म्हणजे इतकी वर्षं या घराचा भाव मी पाडत होते," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. आम्ही जिंकलो होतो. मेकनचं घर मिळणार होतं. कुणालाही आनंद झाला नाही.

चहा घेताना त्यांनी फायरप्लेसकडे बोट करून विचारलं, हे नक्की कोण? रत्नानं सांगितलं. आमच्यासारख्यांना माणसासारखं उभं राहायला यांनी शिकवलं, एवढंच म्हणाली. पुण्यातल्या मालकीणबाईंचंही सांगितलं. ते तिनं मला सांगायलाही कित्येक वर्षं घेतली होती.

मिस लुवेनियांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुझ्या घरी हे कुठे असतात?"

"बेडरूममध्ये."

"घरी येणाऱ्यांना दिसत नाहीत तिथे?"

 रत्नाकडे गिऱ्हाइकं येतात, मराठी मंडळाची माणसं येतात, चहा होतो. फोटो बेडरूममध्ये का, असं इशितानं लहानपणी विचारलं होतं, तेव्हा तिथे ऊन येत नाही म्हणून रंग उडत नाही, असं तिनं सांगितलं होतं.

"भाड्याचं घर आहे का तुझं?" मिस लुवेनियांनी विचारलं.

"नाही. माझं आहे."

त्यांनी मान हलवली आणि कपबश्या उचलल्या. त्या रागावल्या नव्हत्या. थकलेलं माणूस दुसऱ्या थकलेल्या माणसाला बघतं तसं त्यांनी रत्नाकडे बघितलं होतं, आणि ते तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मे संपायच्या आत मिस लुवेनिया मेकनला गेल्या. सामानाच्या गाडीत फोटो द्यायला त्या तयार नव्हत्या. भाचा न्यायला आला होता, त्याच्या गाडीत त्यांनी ओथांना पुढच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः मागे बसल्या.

बाबासाहेबांचा फोटो परत रत्नाच्या घरी आला तो बेडरूममध्ये गेला नाही आणि हॉलमध्येही लागला नाही. विक्रमनं हॉलच्या भिंतीत खिळा ठोकून दिला. तो भला माणूस आहे, विचारत काही नाही. फोटो भिंतीकडे तोंड करून सोफ्यामागे उभा. आज लावते, उद्या लावते. मी दर वेळी टोमणा मारायचे आणि ती म्हणायची, "अहिल्या, तुला सोपं आहे." ते खरं होतं, म्हणून मला आणखी चिडायला व्हायचं.

जूनमधल्या एका शनिवारी मी तिच्याकडे जेवायला होते आणि बेल वाजली. दाराच्या कॅमेऱ्यात प्रसन्न आणि सुलेखा दिसले, हातात पेढ्यांचा डबा. वास्तुशांतीचं आमंत्रण करायला आले होते. विक्रम सवयीनं उठला, सोफ्यामागचा फोटो उचलला आणि आतल्या खोलीकडे निघाला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातांनाच माहीत होतं.

"विक्रम," रत्ना म्हणाली, "खिळ्याला लाव."

बेल पुन्हा वाजली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग फोटो लावला, सरळ केला, आणि मग दार उघडलं.

वाईट काही झालं नाही. असं काही होतच नाही, हीच तर पंचाईत आहे. सुलेखाची नजर भिंतीवर गेली आणि तिचं वाक्य मध्येच थोडं अडखळलं. दोघांनी चहा संपवला, चिवड्याचं कौतुक केलं, कुणी पातळी सोडली नाही. निघता निघता प्रसन्ननं अगदी सहज विचारलं, "तुम्ही मूळच्या नागपूरच्या ना? नागपुरात कुठे?"

"इंदोरा," रत्ना म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला. त्या दिवसापर्यंत ती रत्नाताई होती. जाताना तो थँक्यू मॅडम म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी रत्नाला सुलेखाचा मेसेज आला. वास्तुशांत अगदी छोटी करायचं ठरलंय, फक्त जवळचे नातेवाईक, राग मानू नका. मला मात्र आमंत्रण तसंच होतं, उलट जेवायला लवकर या म्हणून आठवणीचा मेसेजही आला. मी काही त्यांची नातेवाईक नाही. मी सुलेखाला फोन लावला आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, अहो काकू, हॉलमध्ये जागा नाही हो. त्या हॉलचे फोटो मी स्वतः काढलेत, तिथे किती माणसं मावतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तिला तसं सांगितलं आणि फोन ठेवला. मी गेले नाही. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. साठेक माणसं जेवून गेली असं पुढे कानावर आलं.

त्यानंतर मराठी गिऱ्हाइकांचे फोन थोडे कमी झाले. थोडेच. इतके थोडे की कुणाला दोष देता येऊ नये. रत्नानं मला त्यावर बोलू दिलं नाही. कामाला निघताना ती डिकीत चपला आहेत ना ते बघते आणि गाडी सुरू करते.

मिस लुवेनिया दर रविवारी दुपारी फोन करतात. तेव्हा आम्ही बहुतेक वेळा एखादं घर उघडं ठेवून लोकांना दाखवून परत येत असतो. ओपल आता त्यांना कधी लुवेनिया म्हणते, कधी आई म्हणते, पण त्यांचा हात धरून बसते. सगळे फोटो तिथे भिंतीवर लागलेत. परवाच्या रविवारी रत्नानं त्यांना वास्तुशांतीचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं.  त्यांच्याच घरात, त्यांच्याच फायरप्लेससमोर ती पंगत बसली होती.

"मग तू त्यांना भिंतीवरून उतरवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अजून हॉलमध्ये आहेत?"

"हॉलमध्येच आहेत," रत्ना म्हणाली, आणि तिनं इंडिकेटर दिला.